भूक परत आली तेव्हा

आमच्या शाळेत पोषण आहाराची एक चव नोंदवही आहे. मुलांना खिचडी वाढण्याआधी एका शिक्षकाने ती चाखायची, डाळ शिजली आहे का, मीठ-तिखट बरोबर आहे का ते पाहायचं, शेरा लिहायचा आणि सही करायची. मी सोलापुरात एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. नोकरीला अठरा वर्षं झाली. हे काम मी नेहमी आवडीने अंगावर घ्यायचे. खरं सांगायचं तर चव घेण्याच्या नावाखाली मी ताटली भरून खिचडी खात असे आणि वर घरून आणलेला डबाही संपवत असे. सहकारी हसायच्या. मीही हसायचे.

जून २०२२ मध्ये शाळा उघडली तेव्हा मी नेहमीप्रमाणे नोंदवही घेऊन स्वयंपाकघरात गेले. मावशींनी चमचाभर खिचडी पुढे केली. मी अर्धा चमचा तोंडात घातला, बराच वेळ चावला, गिळला आणि थांबले. मावशी म्हणाल्या, "बाई, एवढ्यात कसं कळलं?" त्यांना काय सांगणार? त्या अर्ध्या चमच्यानंतर छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं वाटत होतं. मी सही केली आणि वर्गावर गेले.

त्याआधी तीनच आठवडे झाले होते माझ्या ऑपरेशनला.

माझी उंची पाच फूट दोन इंच आणि वजन ११२ किलो होतं. आठ वर्षांपासून साखर होती. गुडघे इतके दुखायचे की नमाज खुर्चीवर बसून व्हायची. रात्री घोरताना श्वास अडकायचा आणि आमचे हे घाबरून मला उठवायचे. डाएट मी किती केले याची मोजदाद नाही. दहा किलो उतरायचे आणि बारा किलो चढायचे. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की तुमच्या वजनाला आणि साखरेला आता ऑपरेशनचा उपाय आहे. शिक्षक पतसंस्थेतून कर्ज काढलं. २०२२ ची रमजान ईद ३ मे रोजी झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस, उन्हाळ्याच्या सुट्टीत, माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली.

या ऑपरेशनमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कायमचा काढून टाकतात. उरते ती केळ्याएवढी अरुंद नळी. सुरुवातीला तिच्यात शंभर-दीडशे मिलिलीटरच मावतं, म्हणजे चहाचा एक कप. पण गोष्ट फक्त जागा कमी होण्याची नाही. भूक लागल्याची खबर मेंदूला देणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं आणि नेमका तोच भाग काढलेला असतो. त्यामुळे पोट लहान होतं आणि भूकही मंदावते. डॉक्टरांनी हे मला आधी सांगितलं होतं. मी आनंदाने मान डोलावली होती. भूक हीच माझी दुश्मन आहे असं मला वाटत होतं. ती गेली तर बरंच झालं!

नातेवाइकांत कुजबुज झालीच. एक खाला तोंडावर म्हणाल्या, "अल्लाहने दिलेलं पोट कापून टाकलं? तोंड आवरता आलं नाही?" मला रात्रभर झोप आली नाही. आमच्या ह्यांनी मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारलं. ते म्हणाले, आजारावरचा इलाज आहे, दिसण्यासाठीची हौस नाही, इलाज करणं हे माणसाचं कामच आहे. मला धीर आला. तरी खालांचं वाक्य मनातून गेलं नाही, कारण तोंड आवरता आलं नव्हतं हे खरंच होतं.

पहिले दोन आठवडे फक्त पातळ. औषधाच्या बाटलीच्या झाकणाने मोजून पाणी प्यायचे. डाळीचं पाणी, गाळलेली यखनी, ताक, प्रोटीन पावडर. एक ग्लास संपायला तास लागायचा. त्यानंतर दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ अंडं, पनीर, वाफवलेला मासा. दीड-दोन महिन्यांनी घरचं नेहमीचं जेवण, तेही चहाच्या बशीत. आधी प्रोटीनचा घास, मग भाजी, पोटात जागा उरलीच तर भाकरी. जेवताना पाणी नाही. जेवल्यावर अर्धा तास तरी नाही. दिवसाला साठ ग्रॅम प्रोटीन पोटात गेलंच पाहिजे. बी-बारा, लोह, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व घेत राहायचं, तेही कायमचं. एवढ्याशा पोटात जे मावतं त्यातून शरीराला लागणारं सगळं मिळत नाही, म्हणून.

काय उतरेल आणि काय अडकेल याचे माझे सगळे अंदाज चुकले. मऊ म्हणून चपाती खाल्ली तर तिचा गोळा होऊन घशाखाली बसायचा, तोंडाला फेसाळ लाळ सुटायची आणि उलटी झाल्याशिवाय सुटका नसायची. कोरडा भात तसाच. उलट आपली सोलापुरी कडक भाकरी, जी म्हाताऱ्या माणसांना कठीण वाटते, ती नीट चावली की सहज उतरायची. कोंबडीच्या छातीचा कोरडा तुकडा अडकायचा, रश्शातला मऊ मासा जायचा. चवीचंही तसंच. माझा दोन चमचे साखरेचा चहा पाकासारखा लागायला लागला. मटण परतण्याचा वास, ज्या वासाने मी लहानपणी अभ्यास सोडून स्वयंपाकघरात धावायचे, त्याने मळमळायला लागलं.

१० जुलैला बकरी ईद आली. कुर्बानीचं गोश्त घरात आलं. दरवर्षी अम्मी पहिली कलेजी तव्यावर परतून मलाच देते. मी पाच भावंडांत सर्वांत थोरली, आणि अम्मीच्या हातची कलेजी ही आम्हा दोघींची जुनी गोष्ट. तिने बशीत चार तुकडे आणले. मी एक तुकडा तोंडात घेतला, चावत राहिले, आणि उठून मोरीत गेले. परत आले तेव्हा अम्मी बशीकडे बघत बसली होती. म्हणाली, "क्या गे बेटी, मेरे हात कू मजा नहीं रहा क्या?"

मी काय उत्तर देणार? चव तिच्या हातातच होती, माझ्या जिभेवरची गेली होती. पण त्या दिवशी मला कळलं की आमच्या घरात प्रेम बोलून दाखवायची रीत नाही. ते ताटात वाढतात. अजून घे, थोडं घे, माझ्या नावाने घे. मी नाही म्हणाले की अम्मीला वाटायचं, मी तिलाच नाही म्हणते आहे. दावतींना जाणं मी टाळू लागले. यजमानीण चारदा विचारणार, मग रुसणार, मग बाकीच्या बायका माझ्या ऑपरेशनची गोष्ट सुरू करणार. दस्तरखानावर सगळे जेवत आहेत आणि आपण बशीतला घास फिरवत बसलो आहोत, हा एकटेपणा मला कोणी आधी सांगितला नव्हता.

त्याहून मोठी गोष्ट तर मला कुठल्याही माहितीपत्रकात सापडली नव्हती.

शाळेतून साडेपाचला घरी आले की मी काहीतरी शोधायचे. फ्रीज उघडायचे, डबे उघडायचे, बंद करायचे. पोटात भूक नव्हती, अजिबात नव्हती, पण हाताला सवय होती. या वेळी मी वर्षानुवर्षं फरसाण, भजी, चहात बुडवलेली बिस्किटं खात आले होते. ही डोक्याची भूक आहे, पोटाची नाही, असं आहारतज्ज्ञ बाईंनी समजावलं. चेकअपला गेल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला : "वजन सर्वांत जास्त कधी वाढलं, आठवतंय?"

आठवत होतं. अब्बा गेले त्यानंतरच्या दोन वर्षांत. त्या दिवसांत सगळे झोपल्यावर मी स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या उरलेला भात खायचे. दिवा न लावता, पातेल्यातून हातानेच. घरात मी थोरली, अम्मीला सावरायचं होतं, धाकट्यांना बघायचं होतं, चाळीस दिवसांनंतर शाळेतही हसून शिकवायचं होतं. माझं रडणं राहूनच गेलं होतं. आता पोटात जागाच नव्हती. रात्री स्वयंपाकघरात जाऊन करायचं काय? ऑपरेशननंतर चौथ्या महिन्यात एका रात्री मी त्याच ओट्यापाशी उभी राहिले आणि अब्बांसाठी रडले. त्यांना जाऊन सहा वर्षं होऊन गेली होती. आमचे हे उठून आले, काही न विचारता खाली फरशीवर माझ्याजवळ बसले.

मी हे मुद्दाम लिहिते आहे. वजन उतरलेलं सगळ्यांना दिसतं, कौतुकही होतं. पण अन्न हे ज्यांचं औषध होतं, त्यांच्याकडून ते औषध एका दिवसात काढून घेतलं जातं आणि आतलं दुखणं उघडं पडतं. त्या काळात कोणीतरी जवळ असावं लागतं. केसही मूठ-मूठ गळत होते. ते पुढे आपोआप थांबलं. मनाला मात्र जास्त वेळ लागला.

२०२३ चा रमजान २४ मार्चला सुरू झाला. ऑपरेशनला दहा महिने झाले होते. वजन ८२ वर आलं होतं, साखरेच्या चारपैकी तीन गोळ्या बंद झाल्या होत्या, नमाजेत सजदा जमिनीवर होऊ लागला होता. मी मोठ्या उमेदीने रोज्यांबद्दल विचारलं. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पुढे ठेवला. हिमोग्लोबिन खाली, पाणी कमी पिते म्हणून लघवीला जळजळ. या वर्षी नाही, म्हणाले. आजाऱ्याला दीननेच सवलत दिलेली आहे, बरं झाल्यावर ते दिवस भरून काढायचे, हे मी मुलांना दरवर्षी सांगते. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र ती सवलत घेणं जड गेलं.

त्या महिन्यात शाळेत लहान वर्गांसाठी खिचडी शिजत होती आणि इतर सगळ्या शिक्षिकांचे रोजे, म्हणून चव नोंदवही आपोआप माझ्याकडे आली. ज्या बाईला भूकच नाही, तिने महिनाभर अन्न चाखायचं! ईदच्या दिवशी अम्मीने दिलेला अर्धी वाटी शिरखुर्मा मी तिच्या समाधानासाठी घाईने खाल्ला. दहा मिनिटांत छाती धडधडायला लागली, दरदरून घाम आला, हात थरथरले. गोड एकदम आतड्यात उतरलं की असं होतं, याला डंपिंग म्हणतात. बायपासवाल्यांना जास्त होतं, पण आम्हा स्लीव्हवाल्यांनाही चुकत नाही. ईदच्या दिवशी मी दुपारभर पडून होते आणि अम्मी पंख्याखाली माझे तळवे चोळत होती. त्यानंतर तिने मला आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी तिने कपाटातून एक छोटी वाटी काढली, माझ्या मुलीची अन्नप्राशनाच्या वयातली. "ये तेरी," म्हणाली. तेव्हापासून मी त्याच वाटीत जेवते.

राहिलेले २९ रोजे मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, थंडीच्या लहान दिवसांत, दर सोमवारी आणि गुरुवारी पुरे केले. तोपर्यंत रिपोर्ट सुधारले होते आणि डॉक्टरांनी अटी घालून परवानगी दिली होती. पण मला एक गोष्ट खात होती. या रोज्यांत मला भूक लागतच नव्हती. तहान लागायची, जीभ कोरडी पडायची, पण दुपारी दोनला खिचडीच्या वासाने काही व्हायचं नाही, मगरीबला खजूर समोर असून घाई नसायची. ज्याला भूकच नाही त्याने न खाण्यात कसली कुर्बानी? मी हे अम्मीला विचारलं. अम्मी शिकलेली नाही. ती म्हणाली, रोजा अल्लाहसाठी धरतात, पोटासाठी नाही. तुझ्या भुकेचा हिशेब तो बघेल, तू नियतीचा बघ. माझं समाधान झालं, पण पूर्ण नाही.

त्याच सोमवारांनी मला एका मुलीकडे नीट बघायला शिकवलं. सहावीतली मुलगी. खिचडी तीनदा घ्यायची. सोमवारी तर चौथ्यांदाही ताट घेऊन उभी राहायची. शिक्षिका हसायच्या, मुली चिडवायच्या. मीही एकदा बोलले होते, "पुरे आता, हावरटपणा बरा नाही." आपल्या अंगावर पडलेला शब्द मी उचलून तिच्या अंगावर टाकला होता. आता रोजा असताना मी वाढपाजवळ नुसती उभी राहायचे. तेव्हा लक्षात आलं की शुक्रवारी ही मुलगी दोनदाच घेते. सोमवारी चारदा, कारण रविवारी शाळा नसते. शासनाच्या प्रमाणात सहावी ते आठवीच्या मुलाला दिवसाला १५० ग्रॅम तांदूळ आहे. शिजल्यावर माझ्या चार जेवणांएवढा होतो तो भात. तेवढा एका वेळी खाऊन पुन्हा ताट पुढे करणाऱ्या मुलीला मी हावरट म्हणाले होते.

ती भूक होती. माझी होती ती भूक नव्हती. चाळीस वर्षं मी दुःखाला, थकव्याला, कंटाळ्याला, रागाला, दावतीतल्या आग्रहाला, सगळ्यांना भूक हेच नाव देत आले होते. खऱ्या भुकेला मी कधी माझ्यापर्यंत पोहोचूच दिलं नव्हतं. ती लागण्याआधीच मी खाऊन मोकळी होत असे.

२०२४ चा रमजान १२ मार्चला लागला. पाचवा की सहावा रोजा असेल. असरची नमाज पढून मी इफ्तारीसाठी फळं चिरत होते. पोटात काहीतरी झालं. आधी मला वाटलं आम्लपित्त. मग पुन्हा झालं, एक हळू पिळा, खाली, बेंबीच्या वर, आणि त्यासोबत कलिंगडाचा वास एकदम गोड आला. मी सुरी ठेवली. मला भूक लागली होती.

पहिल्यांदा घाबरले. डॉक्टर म्हणाले होते की दीड-दोन वर्षांत भूक हळूहळू परतते, जठराची नळीही थोडी सैलावते, आणि खरी परीक्षा तिथून सुरू होते. बऱ्याच जणांचं वजन तेव्हा पुन्हा चढू लागतं. माझं सर्वांत कमी वजन ७६ झालं होतं. आता पुन्हा तेच का? पण भीतीच्या मागोमाग दुसरंही काही आलं. अजून पाऊण तास बाकी होता आणि मी त्या पाऊण तासात भुकेसोबत बसून राहिले. फ्रीज उघडला नाही, कामात मन गुंतवलं नाही. फक्त बसले. अजान झाली. अर्धा खजूर तोंडात घेतला, आणि किती वर्षांनी तो खजुरासारखा लागला. मी अम्मीला सांगितलं, अम्मी, भूक लागली होती. तिने दोन्ही हात माझ्या चेहऱ्यावरून फिरवले.

त्या गोष्टीलाही आता दिवस झाले. आज माझं वजन ८१ आहे. पाच किलो परत आले. मऊ आणि घसरून जाणारं, म्हणजे बिस्किट, आइस्क्रीम, शेव-चिवडा, हे आमच्यासारख्यांचे खरे शत्रू. ते अडकत नाहीत, पोट भरत नाहीत आणि कळायच्या आत वाटीभर जातात. परीक्षेच्या पेपर तपासणीच्या दिवसांत माझा हात अजूनही डब्याकडे जातो. कधी जिंकते, कधी हरते. दर सहा महिन्यांनी रक्त तपासते. गोळ्या चुकवत नाही. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, ही आपल्या नबींची शिकवण मी लहानपणापासून ऐकत आले. तिचा अर्थ कळायला मला ऑपरेशनच्या टेबलावर जावं लागलं. कोणावर ती वेळ न येवो.

ज्या बहिणी या ऑपरेशनचा विचार करत आहेत त्यांना मी करा म्हणत नाही, नका करू असंही म्हणत नाही. मला त्याने चालतं केलं, सजदा परत दिला. फक्त एवढंच सांगते : डॉक्टर पोट लहान करून देतात, बाकीचं आपल्यालाच करायचं असतं. आधी स्वतःला विचारा, मी कशासाठी खाते? आणि ज्यांच्या घरी अशी कोणी आहे त्यांनी तिला आग्रह करू नये, टोमणाही मारू नये. तिच्यासाठी एक छोटी वाटी वेगळी काढून ठेवावी.

अम्मी आता शहात्तर वर्षांची आहे. वयामुळे तिचंही जेवण कमी झालं आहे. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी एकाच ताटात जेवतो. कडक भाकरी, डाळ, थोडा मासा. एक तास लागतो. पूर्वी आम्ही दहा मिनिटांत उठायचो आणि एवढं बोलणं कधी व्हायचं नाही.

चव नोंदवही अजून माझ्याकडेच आहे. दोन चमचे खाते, नीट चावते. शेरा लिहिते. सही करते. आणि सोमवारी मावशींना सांगते की आज पातेलं थोडं मोठं ठेवा, आणि कोणी पुन्हा मागायला आलं तर काही न बोलता वाढा.